उभ्या केलेल्या कॅम्पर ट्रेलरची पातळी आणि स्थैर्य: नागपूर परिसरासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायची राहण्याची खोली) घेऊन पेंच, ताडोबा, नागझिरा किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या बाजूला मुक्कामाला जाणाऱ्यांसाठी, तसेच शहरालगतच्या शेतावर किंवा घरच्या प्लॉटवर ट्रेलर उभा ठेवणाऱ्यांसाठी ही उत्तरे लिहिली आहेत. ट्रेलरसोबत मिळणारी पुस्तिका यंत्राविषयी सगळे सांगते, परंतु तो ज्या जमिनीवर उभा राहणार तिच्याविषयी काही सांगत नाही. आणि आपल्या भागातल्या बहुतेक अडचणी जमिनीतूनच उद्भवतात. म्हणून येथे जॅकइतकेच, किंबहुना जॅकपेक्षा जास्त, मातीविषयी लिहिले आहे.

ट्रेलर समपातळीत आणणे आणि तो स्थिर करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

होय, आणि पुष्कळसे नुकसान या दोहोंची गल्लत केल्यानेच होते. उभ्या ट्रेलरचे जवळजवळ सगळे वजन चाकांवर आणि थोडे जॉकी व्हीलवर, म्हणजे पुढच्या टोकाच्या वरखाली करता येणाऱ्या लहान चाकावर, असते. पातळी साधायची ती याच दोन आधारांनी: डावी-उजवी बाजू चाकाखाली ठोकळा किंवा रॅम्प घालून, आणि पुढची-मागची बाजू जॉकी व्हील वरखाली करून. चार कोपऱ्यांचे स्टॅबिलायझर जॅक हे सगळे झाल्यावर जमिनीला टेकवायचे असतात. आत माणूस चालू लागला की स्प्रिंगा आणि टायर दबतात व ट्रेलर हेलकावे खातो; ते हेलकावे थोपवणे एवढेच या जॅकचे काम आहे. खाली गेलेला कोपरा जॅक फिरवून वर उचलणे सोपे वाटते खरे, पण ट्रेलरचे वजन पेलण्यासाठी तो जॅक बनवलेलाच नसतो. तसे केल्यास आधी चासी पिळवटते, मग दार चौकटीत अडकू लागते, खिडकीच्या कडेचे सीलंट सुटते आणि पहिल्याच पावसात पाणी भिंतीत शिरते.

इतकी काटेकोर पातळी खरोखर लागते का? किती कल चालतो?

हे मुख्यतः आपल्या ट्रेलरमध्ये फ्रिज कोणता आहे यावर अवलंबून आहे. बारा व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज असेल, तर थोडा कल त्याला जाचत नाही. गॅसवरही चालणारा ॲब्सॉर्प्शन फ्रिज असेल, तर मात्र पातळीबाबत तडजोड करू नये. या फ्रिजमध्ये पंप नसतो. अमोनिया आणि पाण्याचे मिश्रण तापून वर जाते आणि थंड होऊन केवळ गुरुत्वाकर्षणाने, उतरत्या नळ्यांतून, खाली परतते. ट्रेलर कललेला असेल तर ते नळीतच अडून राहते, खालचा बॉयलर कोरडा पडून जास्त तापतो, आणि मिश्रणात गंज टाळण्यासाठी घातलेले रसायन कणांच्या रूपाने साचून मार्ग बंद करते. हा बिघाड दुरुस्त होत नाही. पूर्ण कूलिंग युनिट बदलावे लागते. अशा फ्रिजना सामान्यतः एका दिशेला सुमारे ३ अंश आणि दुसऱ्या दिशेला सुमारे ६ अंशांपर्यंतचा कल चालतो. नेमकी मर्यादा पुस्तिकेत दिलेली असते आणि तीच प्रमाण मानावी. प्रवासात कल सतत बदलत राहिल्याने मिश्रण अडून बसत नाही, त्यामुळे चालत्या गाडीत ही अडचण तितकी येत नाही. ती येते मुक्कामात, जिथे एकच कल रात्रभर कायम राहतो.

फ्रिज बाजूला ठेवला, तरी सिंकचे आणि न्हाणीचे पाणी निचऱ्याच्या छिद्राकडे जाणे, टाकीतील पाण्याचे माप खरे दाखवले जाणे, दार आपोआप उघडत किंवा मिटत न राहणे आणि डोके पायांपेक्षा खाली न जाणे, यासाठी एका अंशाच्या आत पातळी आणावी असे माझे मत आहे. शेगडीवरच्या कढईत तेल एका कडेला सरकलेले दिसत असेल, तर त्या ट्रेलरात तळण करू नये.

नागपूरच्या आसपास उभे राहण्यापूर्वी जमीन कशी पारखावी?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. नागपूर हे दख्खनच्या बेसाल्ट पठाराच्या पूर्व कडेवर वसलेले शहर आहे. सीताबर्डीची टेकडी याच काळ्या दगडाची आहे, आणि पश्चिमेकडे हिंगणा, कळमेश्वर, काटोल या बाजूंना या दगडापासून तयार झालेली काळी कापसाची जमीन दूरवर पसरलेली आहे. पूर्वेकडे आणि रामटेकच्या बाजूला खडक बदलतो, आणि त्याबरोबर मातीचा रंग व पोतही बदलतो. त्यामुळे एकाच शहरातून दोन दिशांना निघालेल्या दोन ट्रेलरांच्या वाट्याला अगदी भिन्न स्वभावाची जमीन येते.

काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळल्यावर आकसते. मे महिन्यात या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पृष्ठभाग दगडासारखा वाजतो आणि त्यावर ट्रेलर उत्तम उभा राहतो. तीच जमीन एका जोरदार सरीनंतर लोण्यासारखी होते, तिची वजन पेलण्याची ताकद झपाट्याने उतरते आणि संध्याकाळी अचूक लावलेली पातळी सकाळपर्यंत बिघडते. त्यातही ती सगळीकडे सारखी भिजत नाही: ट्रेलरच्या छपरावरून पाणी ज्या बाजूला पडते त्या बाजूची माती आधी खचते, म्हणजे ट्रेलर स्वतःच स्वतःखालची जमीन एका अंगाने भिजवत असतो. जूनच्या मध्यापासून परतीचा पाऊस संपेपर्यंत उघड्या काळ्या मातीवर ट्रेलर उभा करूच नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. त्या दिवसांत मुरूम, खडी, काँक्रीट किंवा डांबरी जागा शोधावी, मग ती दिसायला कितीही रुक्ष असो.

पारख करायला विशेष साधन लागत नाही. दहा मिलिमीटर जाडीची, दीड-दोन फूट लांबीची बांधकामाची सळई सोबत ठेवावी आणि चाके, जॉकी व्हील व चारही कोपरे जिथे येणार त्या प्रत्येक ठिकाणी ती हाताने जमिनीत दाबून पाहावी. दोन-तीन सेंटिमीटरवर अडली तर जागा चांगली. वीतभर सहज गेली तर ती जागा सोडावी, किंवा निदान रुंद फळ्यांशिवाय तेथे काही टेकवू नये. एका ठिकाणी अडते आणि हातभर अंतरावर आत जाते अशी जमीन सर्वांत धोक्याची, कारण तेथे ट्रेलर एका कोपऱ्यातच खचतो. माती ओली असेल तर चिमूटभर घेऊन तळहातावर वळावी. न तुटता सुतळीसारखी लांब वळली, तर ती चिकण काळी माती आहे हे निश्चित समजावे.

तलावाच्या काठाविषयी वेगळे सांगणे आवश्यक आहे. रामटेकजवळच्या खिंडसीसारख्या जलाशयांचे पाणी उन्हाळ्यात मागे हटते आणि मोकळी, सपाट, अतिशय मोहक जागा उघडी पडते. तिचा वरचा थर उन्हाने कडक झालेला असतो, पण खाली गाळ ओलाच असतो. माणूस त्यावरून निर्धास्त चालतो. ट्रेलरचे चाक ती पापडी फोडून आत जाते आणि मग ट्रॅक्टर आणल्याशिवाय सुटका होत नाही. पाण्याच्या जुन्या रेषेच्या वर, झाडोरा असलेल्या पक्क्या जमिनीवरच थांबावे.

घरच्या अंगणात किंवा प्लॉटवर उभा करताना जमिनीचा काही प्रश्न येतो का?

येतो. नागपूरच्या लेआउटमधील बऱ्याच घरांच्या पुढच्या मोकळ्या जागेत सेप्टिक टँक किंवा पाण्याची भूमिगत टाकी असते आणि वर फरशी किंवा गट्टू लावलेले असल्याने ती दिसत नाही. तिच्या झाकणावर किंवा स्लॅबवर चाक अथवा जॅक येऊ देऊ नये. गट्टूंचे अंगण दिसायला पक्के असते, पण खालची भर नीट दाबलेली नसेल तर जॅकखालचे दोन-तीन गट्टूच तेवढे खाली जातात. तेथेही फळी वापरावी.

ट्रेलर उभा करण्याचा योग्य क्रम कोणता?

आधी ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडलेलाच ठेवून हव्या त्या जागी आणावा आणि आतील जमिनीवर, आसाच्या जवळ, पाणसळ आडवी ठेवून कोणती बाजू खाली आहे ते पाहावे. त्या बाजूच्या चाकापुढे ठोकळा किंवा रॅम्प मांडून गाडी हळूहळू पुढे घ्यावी आणि पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आला की थांबावे. एकाने गाडी चालवावी आणि दुसऱ्याने चाकाच्या बाजूला, पण चाकाच्या वाटेत नव्हे, उभे राहून इशारा करावा. चाकाच्या वाटेत लहान मुले नाहीत हे पाहण्याची जबाबदारी या दुसऱ्या व्यक्तीची.

डावी-उजवी पातळी जमल्यावर हँडब्रेक ओढावा आणि दोन्ही बाजूंच्या चाकांना पुढून व मागून पाचर लावावी. हे झाल्याशिवाय कपलर, म्हणजे ट्रेलरला गाडीच्या मागच्या बॉलशी जोडणारा भाग, सोडू नये. जोडलेला असेपर्यंत ट्रेलरला गाडीचा आधार असतो. सुटल्या क्षणी तो मोकळा होतो आणि डोळ्यांना न दिसणारा उतारही त्याला पुरतो. हजार-बाराशे किलोचा ट्रेलर एकदा सरकू लागला की दोन माणसांनी धरून थांबत नाही.

त्यानंतर जॉकी व्हीलखाली फळी ठेवून ते खाली करावे, कपलर बॉलवरून अलगद सुटेपर्यंत पुढचे टोक उचलावे, वीजजोडणीची वायर आणि सुरक्षा साखळी काढावी व गाडी पुढे न्यावी. आता पाणसळ लांबीच्या दिशेने ठेवून जॉकी व्हीलनेच पुढची-मागची पातळी लावावी. कोपऱ्यांचे जॅक अगदी शेवटी, आणि त्यांतही मागचे दोन आधी. याचे कारण असे की, एका आसाच्या ट्रेलरमध्ये जॅक लावण्यापूर्वी कोणी आत शिरून मागच्या टोकापर्यंत चालत गेले, तर मागची बाजू जमिनीवर आदळून पुढचे टोक हवेत उचलले जाऊ शकते. म्हणून कपलर सोडल्यापासून चारही जॅक लागेपर्यंत आत कोणीही जाऊ नये. पोरांना सर्वांत आधी आतच जायचे असते, म्हणून हा नियम घरातून निघतानाच सांगून ठेवावा.

चाकाखाली किती उंची द्यायची हे आधीच कसे काढावे?

एक अंशाचा कल म्हणजे दर मीटर अंतरामागे सुमारे १७.५ मिलिमीटर उंचीचा फरक. बाजारात मिळणारा १८ मिलिमीटरचा प्लाय जवळपास याच जाडीचा असल्याने हिशेब तोंडी करता येतो. डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १.६ मीटर असेल आणि मोबाइलवरील ॲप २ अंश कल दाखवत असेल, तर फरक सुमारे ५६ मिलिमीटरचा होतो. म्हणजे १८ मिलिमीटरच्या प्लायचे तीन थर (५४ मिलिमीटर) पुरतात. लांबीच्या दिशेने आस ते जॉकी व्हील हे अंतर ३.५ मीटर धरले, तर प्रत्येक अंशाला सुमारे ६१ मिलिमीटर लागतात. हिशेबाने आडव्या दिशेत चार-पाच अंशांपेक्षा जास्त फरक निघाला, तर ठोकळे रचत बसण्यापेक्षा जागा बदलणे शहाणपणाचे.

मोबाइल ठेवताना तो टेबलावर किंवा बिछान्यावर न ठेवता चासीच्या लोखंडी पट्टीवर किंवा आतील जमिनीवर ठेवावा, आणि कव्हर काढूनच ठेवावा, कारण कव्हरची कड अर्धा अंश सहज चुकवते.

पाणसळ बरोबर आहे की नाही हे कसे समजावे?

ती एका जागी ठेवून बुडबुडा कुठे थांबतो ते पाहावे. मग त्याच जागी तिची टोके अदलाबदल करून पुन्हा ठेवावी. बुडबुडा दोन्ही वेळा आपल्या दृष्टीने त्याच बाजूला, तेवढाच सरकलेला दिसला तर पाणसळ खरी आणि जमीन कललेली. टोके फिरवल्यावर बुडबुडाही दुसऱ्या बाजूला गेला तर पाणसळच चुकीची आहे. हीच परीक्षा मोबाइललाही लागू पडते. ज्यांना दोन्हींवर विश्वास नसेल त्यांनी गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाईप पाणी भरून वापरावा. पाइपात हवेचा बुडबुडा राहिला नसेल, तर त्याच्याइतके खरे साधन दुसरे नाही.

ठोकळे कशाचे असावेत? विटा किंवा दगड चालतील का?

विटा अजिबात चालणार नाहीत. वीट सर्व बाजूंनी सारखा दाब पडला तर तो सहन करते, पण चाक तिच्या एका कडेवर चढते आणि ती कड फुटते. सिमेंटचे पोकळ ब्लॉक त्याहून वाईट, कारण ते तडकण्याआधी कोणतीही सूचना देत नाहीत. दगड स्वतः फुटत नाही, पण तो डगमगतो आणि टायरला एकाच बिंदूवर टोचतो. शिवाय जंगलाच्या परिसरातून दगड उचलणे योग्य नाही.

लाकूड सर्वांत विश्वासाचे. नागपूरकरांना त्यासाठी दूर जावे लागत नाही: लकडगंजमधील आरा मशीनवर साग किंवा सालाचे उरलेले तुकडे मापानुसार कापून मिळतात. रुंदी टायरच्या रुंदीपेक्षा चार-पाच सेंटिमीटर जास्त, जाडी ४ ते ५ सेंटिमीटर, आणि लांबी वेगवेगळी ठेवावी, म्हणजे लांब फळी खाली आणि आखूड वर रचून चाकाला चढता येईल अशी पायरी तयार होते. टायरचा जमिनीला टेकणारा सगळा भाग फळीवर आला पाहिजे; अर्धा टायर फळीबाहेर लोंबकळत राहिला तर उरलेल्या अर्ध्यावर दुप्पट ताण येऊन आतील तारा दुखावतात. फळ्यांच्या कडेला भोक पाडून दोरी बांधून ठेवावी, म्हणजे चिखलात रुतलेली फळी ओढून काढता येते. प्लास्टिकचे आयते रॅम्प हलके आणि सोयीचे असतात, पण वर्षानुवर्षे विदर्भाच्या उन्हात पडून राहिल्यास ते ठिसूळ होतात. वापर झाला की सावलीत ठेवावेत आणि दरवेळी चीर गेली आहे का ते पाहावे.

पाचर एकाच चाकाला लावली तर पुरते का?

नाही. दोन्ही बाजूंच्या चाकांना, पुढून आणि मागून, टायरला घट्ट भिडवून लावावी. ज्या चाकाखाली रॅम्प आहे त्याला रॅम्पवरच बसेल अशी वेगळी पाचर लागते.

स्टॅबिलायझर जॅकखाली फळी केवढी असावी?

जॅकचा पाया साधारण १० सेंटिमीटर चौरस असतो, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर. त्याखाली ३० सेंटिमीटर चौरस फळी ठेवली की क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटिमीटर होते आणि त्याच वजनाचा जमिनीवरचा दाब नऊपट कमी होतो. मात्र फळी पातळ असेल तर ती मध्ये वाकते आणि हा फायदा मिळत नाही. म्हणून जाडी किमान ४ सेंटिमीटर हवी. जॉकी व्हीलच्या बाबतीत लोक हमखास विसरतात. त्याचे चाक लहान आणि कडक रबराचे असते, त्यावर पुढच्या टोकाचा साठ-सत्तर किलोंपासून शंभरहून अधिक किलोंपर्यंत भार येतो, आणि ओल्या जमिनीत सर्वांत आधी तेच रुतते.

जॅक पूर्ण लांब काढून टेकवण्यापेक्षा खाली जाड ठोकळा देऊन तो आखूडच ठेवावा. जितका तो आखूड, तितका तो कमी डुगडुगतो.

जॅक किती घट्ट करावा?

पाया फळीला टेकेपर्यंत, आणि त्यानंतर हाताला स्पष्ट विरोध जाणवेपर्यंत साधारण अर्धा ते एक फेरा. यापुढे फिरवल्यावर चाकाच्या कमानीतील फट वाढताना दिसली, तर आपण ट्रेलर उचलू लागलो आहोत असे समजून जॅक मागे घ्यावा. बॅटरीच्या ड्रिल मशीनने जॅक खाली सोडणाऱ्यांनी शेवटचा फेरा तरी हाताने द्यावा, कारण मशीनला विरोध जाणवत नाही. चारही जॅक लावल्यावर दार उघडून-मिटून पाहावे. आधी सहज मिटणारे दार आता घासत असेल, तर कोणता तरी एक कोपरा जास्त ताणला गेला आहे.

सगळे नीट लावूनही ट्रेलर हलतो. असे का?

कोपऱ्यांचे जॅक वरखाली होणारी हालचाल रोखतात. पुढे-मागे किंवा आडवे होणारे डोलणे त्यांना फारसे रोखता येत नाही, कारण लांब काढलेला जॅक आडव्या धक्क्याने स्वतःच लवतो. दोन आसांच्या ट्रेलरमध्ये दोन चाकांच्या मधल्या जागेत बसवून स्क्रूने ताणायचे चॉक मिळतात आणि त्यांनी पुढे-मागे होणारी हालचाल चांगलीच कमी होते. एका आसाच्या ट्रेलरमध्ये पाचरी अधिक घट्ट भिडवणे आणि जॅकांना चासीशी तिरप्या पट्ट्यांनी जोडणे हा उपाय आहे. तत्पूर्वी पायरी तपासावी. पायरी थेट ट्रेलरला लटकलेली असेल तर प्रत्येक चढउताराचा धक्का चासीला बसतो. तिच्याखाली ठोकळा दिला की बरेचसे हलणे तेवढ्यानेच थांबते. आणि पहिल्या रात्रीनंतर सकाळी चारही जॅक पुन्हा एकदा तपासावेत. माती रात्रीतून थोडी बसतेच.

दोन आसांच्या ट्रेलरसाठी पद्धत बदलते का?

एका बाजूची दोन्ही चाके सारख्याच उंचीवर घ्यावी लागतात. फक्त एकच चाक उचलल्यास सगळा भार त्या एका टायरवर आणि त्याच्या स्प्रिंगवर येतो. बाकी क्रम तोच.

उन्हाळ्यात डांबरी जागेवर काही विशेष काळजी घ्यावी का?

अवश्य. नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हातील डांबराचे तापमान हवेपेक्षा कितीतरी जास्त असते. अशा वेळी जॅकचा लोखंडी पाया डांबरात हळूहळू उतरतो. दुपारी लावलेली पातळी संध्याकाळी उरत नाही आणि जागामालकाच्या अंगणात चार खड्डे पडतात. फळी हाच यावर उपाय. टायर उन्हात राहणार असतील तर त्यांवर फिकट रंगाचे कापड टाकावे.

वळवाच्या वादळात काय करावे?

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर आभाळ भरून येऊन जोराचा वारा सुटणे आपल्याकडे नेहमीचेच आहे. बाहेरची कनात सर्वांत आधी गुंडाळावी, कारण वाऱ्याने भरलेली कनात ट्रेलरला बाजूने उचलू पाहते आणि त्या ताकदीपुढे जॅकांचे काही चालत नाही. जागा निवडतानाच वाळलेल्या फांद्यांचे झाड टाळावे, आणि मोकळ्या माळावर शक्य असल्यास ट्रेलरचे अरुंद टोक वाऱ्याच्या दिशेला ठेवावे. वादळ पावसासह आले असेल तर ते ओसरल्यावर फळ्यांखालची जमीन सळईने पुन्हा तपासावी.

पावसाळाभर ट्रेलर घरी उभा ठेवायचा आहे. तोही समपातळीतच ठेवावा का?

नाही. येथे नियम उलटा आहे. आत कोणी राहत नसेल आणि फ्रिज बंद असेल, तर पुढचे टोक किंचित वर ठेवावे, म्हणजे छपरावर पाणी न साचता ते मागे वाहून जाईल; अगदी समतल छपरावर साचलेले पाणी सीलंटची सर्वांत बारीक फटही शोधून काढते. पाणी जिथे पडेल तिथून ते चाकांकडे न जाता दूर वाहून जाईल अशी चर काढावी. काँक्रीटच्या सपाट जागेवर पाचरी पक्क्या लावून हँडब्रेक सैल सोडावा, नाहीतर ओलाव्याने ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटून बसतात. टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा पूर्ण भरावी आणि महिन्यातून एकदा चाके थोडी फिरवून टेकण्याची जागा बदलावी. लाकडी ठोकळे महिनोनमहिने मातीवर ठेवू नयेत. वाळवी लागून ते आतून पोखरले जातात आणि वरून मात्र धडधाकट दिसतात.

फार्महाऊसवर ट्रेलरसाठी कायमची जागा करायची असेल तर?

काळ्या मातीवर थेट मुरूम पसरू नये, कारण पहिल्या पावसात तो चिखलात मिसळून दिसेनासा होतो. ६ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद जागेतील वरची सुमारे ३० सेंटिमीटर माती काढून टाकावी आणि मुरूम दोन-तीन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून दाबत भरावा. भरलेल्या जागेचे घनफळ ५.४ घनमीटर, म्हणजे सुमारे १.९ ब्रास येते. दाबल्यावर मुरूम बसतो, म्हणून अडीच ब्रास मागवावा. शेवटी पृष्ठभाग आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवून, १०० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर इतका उतार एका बाजूला द्यावा. हा उतार अर्ध्या अंशाहून थोडा अधिक होतो, त्यामुळे पाणीही निघून जाते आणि पातळीलाही बाधा येत नाही. चाके येतात त्या दोन पट्ट्या काँक्रीटच्या केल्या तर उत्तमच. हा खर्च एकदाच होतो, आणि महागड्या विजेच्या जॅकांवर पैसे घालण्याआधी तो करावा असे मला मनापासून वाटते.

स्टॅबिलायझर जॅकवर ट्रेलर उचलून चाक बदलता येईल का?

नाही. त्यासाठी ट्रेलरच्या वजनाला पुरेसा वेगळा जॅक, निर्मात्याने दाखवलेल्या ठिकाणी लावावा. ट्रेलर गाडीला जोडलेला आणि दुसऱ्या बाजूच्या चाकाला पाचर लावलेली असावी. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या ट्रेलरखाली कोणीही, क्षणभरही, शिरू नये.

एका रात्रीपुरता मुक्काम असेल तर गाडी न सोडता राहता येईल का?

येईल. जागा सपाट असेल, तर गाडी जोडलेलीच ठेवून कोपऱ्यांचे जॅक नुसते टेकवावेत. पुढची-मागची पातळी अशा वेळी लावता येत नाही, कारण पुढचे टोक गाडीच्या बॉलवर असते. ॲब्सॉर्प्शन फ्रिज असेल आणि कल मर्यादेबाहेर जात असेल तर त्या रात्री तो बंद ठेवावा. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी जॅक वर घेतल्याची खात्री मात्र चारही बाजूंनी फिरून, डोळ्यांनी पाहून करावी.

निघताना काय क्रम असावा?

कोपऱ्यांचे चारही जॅक पूर्ण वर, मग जॉकी व्हीलने पुढचे टोक उचलून गाडी मागे घेणे, कपलर बॉलवर बसवून त्याची कडी लागल्याची खात्री करणे, साखळी आणि वायर जोडणे, जॉकी व्हील वर करून आवळणे, आणि त्यानंतरच हँडब्रेक सोडून पाचरी काढणे. कपलर खरोखर बसला आहे का हे पाहण्यासाठी जॉकी व्हील पूर्ण वर घेण्यापूर्वी त्याच जॉकी व्हीलने पुढचे टोक किंचित उचलून पाहावे. गाडीची मागची बाजू सोबत उचलली गेली तर जोड पक्का आहे. रॅम्पवरून उतरताना ट्रेलर पुढे घ्यावा आणि फळ्या मोजून गोळा कराव्यात. काळ्या मातीत मुक्काम झाला असेल तर जॅकच्या स्क्रूवर बसलेली माती ओली असतानाच ब्रशने काढावी. वाळल्यावर ती सिमेंटसारखी घट्ट होते आणि पुढच्या वेळी जॅक फिरवताना आटे झिजतात. माती निघाल्यावर स्क्रूला ग्रीसऐवजी कोरडे वंगण लावावे, कारण ग्रीसवर रस्त्याची धूळ चिकटून पुन्हा तोच त्रास होतो.